पडद्यामागचं इंग्रजी

“मेलं हे कसलं सॉफ्ट! याच्यापेक्षा गोणपाट बरं. आणि तेवढं म्हणायला जिभेला केवढा व्यायाम!”

पडद्यापलीकडून सासूबाईंचं पुटपुटणं ऐकू आलं आणि सुनेचा पाय मशीनच्या पायडलवर थबकला. मशीन थांबलं तसं पुटपुटणंही थांबलं. सुनेनं मुद्दाम रिकामं मशीन चालवलं. लगेच पलीकडून सुरू, “सॉफ्ट. स्मूथ. स्ट्राँग.” म्हणजे बाई तिचा कानोसा घेत घेत अभ्यास करत होत्या!

या घरात सोफ्यांची कव्हरं शिवली जात. खोलीच्या पुढच्या अर्ध्या भागात मशीन, बेतायचं टेबल, भिंतीला टेकवलेले फोमचे तुकडे, आणि खिळ्याला कड्यात ओवलेले कापडाचे नमुने. मागच्या अर्ध्या भागात पडद्याआड सासूबाईंची खाट. पडदा एका गिऱ्हाइकानं नापसंत केलेल्या कापडाचा होता, त्यामुळे सासू-सुनेच्या मध्ये कायम कुणाला तरी न आवडलेली जांभळी फुलं डोलत असायची. सासूबाई बेतायच्या, सून शिवायची. सासूबाईंना अक्षरओळख नव्हती, पण डोळे मिटून अंगठा फिरवला की कापडाची सगळी कुंडली सांगायच्या. अशा बाईनं उतारवयात इंग्रजीचा ध्यास घ्यावा, आणि तोही चोरून, याला काय म्हणायचं?

काय म्हणायचं ते सुनेला ठाऊक होतं. म्हणून तर तिच्या जिवाला घोर लागला होता.

नवरा दूरदेशी वेल्डिंगच्या कामाला गेलेला. सुरुवातीला त्याचे फोन लांबलचक असायचे, मग आखूड झाले, मग येईनासेच झाले. एकदा हिनंच लावला, तर उचलला एका बाईनं. झोपेतून उठल्यासारखा आवाज, बोलणं इंग्रजी, आणि मागे ह्याचं खोकणं. ते खोकणं तिनं भर बाजारात ओळखलं असतं. तिनं फोन ठेवला.

“काय म्हणतोय?” सासूबाईंनी कापडावरची नजर न काढता विचारलं.

“लाइन लागत नाही.”

“कामात असेल.”

पुढे एकदा सासूबाईंनी लावला. त्यांनीही थोडं ऐकून घेतलं, चेहरा कोरा केला आणि फोन ठेवला. “लाइन लागत नाही गं.”

“कामात असतील,” सून म्हणाली.

तेव्हापासून त्या घरात लाइन म्हणून लागली नाही. आणि तेव्हापासूनच सासूबाईंचं इंग्रजी सुरू झालं.

आता तिकडच्या त्या बाईशी बोलायचं तर इंग्रजी हवंच. पोटचा पोरगा तो पोटचाच. आज ना उद्या तिलाच सून म्हणायची वेळ येणार, तर आधीपासून गोडीगुलाबी केलेली बरी, असा हिशेब असणार. मग हिचं काय? ही ना माहेरची उरली, ना धड इथली. मशीनसुद्धा सासूबाईंचं.

खालच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई इंग्रजीची शिकवणी घ्यायच्या. सुनेनं त्यांना जिन्यात गाठलं.

“आमच्या आईंना काय शिकवताय एवढं?”

“विशेषणं,” मास्तरीणबाई पर्समध्ये किल्ली शोधत म्हणाल्या. “त्यांनीच बजावलंय. आलो-गेलो नको, खाल्लं-प्यालं नको. माणूस कसं आहे ते सांगायचे शब्द तेवढे द्या. चित्रं दाखवली तर म्हणाल्या, चित्रातल्या बाईला हात कुठे लावता येतो? आता त्याच कापडं घेऊन येतात. एकेका कापडाला एकेक शब्द.”

“पण कशाला?”

“हौस हो. दुसरं काय?” किल्ली केव्हाच सापडली होती, तरी मास्तरीणबाईंचं डोकं पर्समध्येच होतं.

माणूस कसं आहे ते सांगायचे शब्द! जिना चढता चढता सुनेनं स्वतःच ते शब्द भरून पाहिले. आमची ही जाडी. आमची ही तोंडाळ. तू बाई किती नाजूक! त्यातलं कुठलंच तिला इंग्रजीत येत नव्हतं, त्यामुळे सगळं मराठीतच बोचत गेलं.

मग एक गिऱ्हाईक मखमल बघायला आलं आणि कड्यात मखमलच नाही. सुनेची शोभा झाली. माल संपला म्हणून तिनं वेळ मारून नेली. दुपारी चादर बदलताना सासूबाईंच्या उशीखाली हात गेला, तर मखमल तिथं! मोरपंखी, सगळ्यात भारी. सोबत आणखीही काही तुकडे. उशाशी घेऊन झोपण्याएवढी ही निवड कुणाच्या दिवाणखान्यासाठी चालली होती? तिनं तुकडे होते तसे ठेवले.

“आई, मखमलीचा नमुना दिसत नाही कुठे,” चहाचा कप ठेवताना तिनं खडा टाकून पाहिला.

“असेल इथंच. कापडाला काय पाय फुटतात?”

“माणसांना फुटतात. कापडाचं काय घेऊन बसलात?”

सासूबाईंनी कात्री पुढे सरकवली. “कात्रीला धार लावून आण. चालेना ती.”

“तुमच्या जिभेवर घासा की. हल्ली विलायती धार आहे तिला.”

एरवी एवढ्यावर सासूबाईंनी तिची सालटी काढली असती. आज त्यांनी नुसता चहाचा कप उचलला. तिथं मात्र सुनेची खात्रीच पटली.

रविवारी जेवणं झाल्यावर सासूबाई म्हणाल्या, “तयार झालेली कव्हरं पोचवून ये. सावकाश ये, घाई करू नकोस.”

सासूबाईंच्या तोंडून ‘सावकाश’? या बाई चपला घालायलाही वेळ देत नसत! सुनेनं कव्हरं खाली मास्तरीणबाईंकडे टाकली, चपला हातात घेतल्या आणि आल्या पावली परतली. दार नुसतं लोटलेलं होतं. ती पडद्याला डोळा लावून उभी राहिली.

सासूबाईंनी खाटेवर तुकडे ओळीनं मांडले होते. हात मोकळे राहावेत म्हणून फोन उशीला टेकवून स्पीकरवर टाकला होता. पलीकडून त्याच बाईचा आवाज आला.

“हॅलो,” सासूबाई कोर्टात उभ्या राहिल्यासारख्या म्हणाल्या. “आय मदर. हिज मदर. यू लिसन. ही हॅज वाइफ. हिअर. माय हाउस.”

सासूबाईंचा अंगठा पहिल्या तुकड्यावर गेला, सोफ्याच्या तळाला लावतात त्या जाड कॅनव्हासवर.

“हिज वाइफ. स्ट्राँग.” अंगठा पुढच्या सुती तुकड्यावर. “नो फेड. सन, नो फेड. रेन, नो फेड.” मग मखमल आली. तिच्यावर अंगठा जरा रेंगाळला. “सॉफ्ट. इनसाइड, सॉफ्ट.” आणि मग गिऱ्हाईक हातचं निसटत असलं की काढायचा तो ठेवणीतला आवाज काढून, “वॉशेबल!”

सुनेनं पदर तोंडात कोंबला. हसू येत होतं की आणखी काही, तिचं तिलाच कळेना.

शेवटचा तुकडा रेक्झिनचा होता, चकचकीत. “माय सन,” सासूबाई म्हणाल्या. “शायनी. न्यू, व्हेरी शायनी.” त्यांनी तो दुमडून करकचून दाबला. घडीवर पांढरी रेघ उमटली. पलीकडच्या बाईला ती दिसणार नव्हती, तरी त्यांनी तुकडा फोनसमोर धरला. “आफ्टर, क्रॅक. यू सी? क्रॅक.”

पलीकडून बऱ्याच वेळानं काहीतरी विचारलं गेलं. आवाज कोवळा होता, कापत होता. त्यातला एकच शब्द दोघींना कळला. वाइफ?

“येस,” सासूबाई म्हणाल्या. “वाइफ.”

फोन बंद झाला.

सुनेनं पडदा सारला. “वॉशेबल, आई? मी वॉशेबल?”

सासूबाई दचकल्या, पण हार जाईल ती बाई कसली! “चांगल्या कापडाला तसंच म्हणतात. चांगल्या बाईला काय म्हणतात ते मास्तरणीनं सांगितलं होतं, पण त्याचं कापड आपल्याकडे नाही. मग लक्षात कसं राहणार?”

“मला वाटलं, तुम्ही नव्या सुनेशी सूत जमवताय.”

“ठाऊक आहे काय वाटलं ते. इतके दिवस माझ्यावरचा राग मशीनवर काढतेयस. पडद्याआड असले तरी बहिरी नाही मी.”

सून खाटेच्या कडेला टेकली. मखमलीचा तुकडा तिनं मांडीवर घेतला. नवीन काही सुचेना, म्हणून सवयीचंच तोंडात आलं. “कामात असतील ना हो ते?”

नेहमीसारखं ‘असेल’ म्हणून कात्री उचलायची ती वेळ होती. सासूबाईंचा हात कात्रीकडे गेलाही. पण त्यांनी ती उचलली नाही. तोच हात त्यांनी सुनेच्या गुडघ्यावर ठेवला.

“नाही. कामात नाही तो. आणि लाइनही चांगली लागते,” त्या म्हणाल्या. “माझ्या पोरानं तुला टाकलंय, पोरी. तो आता यायचा नाही.”