तीस दिवस हालचाल नाही

भूकंपानंतर आमची कचेरी तंबूत होती. पुढे ती पत्र्याच्या शेडमध्ये गेली, पण मला आठवतो तो तंबूच. सतरंजीवर लोखंडी टेबल, आणि टेबलावर घरांच्या यादीत नाव राहून गेलेल्यांचे अर्ज. मी तेव्हा कनिष्ठ लिपिक होते. अर्ज वाऱ्याने उडू नयेत म्हणून पडक्या भिंतीतले दगड आणून आम्ही त्यांच्यावर ठेवायचो. एकदा साहेब म्हणाले, "सौदामिनीबाई, हा ढीग कमी कसा व्हायचा?" मी म्हटलं, ज्याला खरी गरज आहे तो येत राहील. जो तीस दिवसांत फिरकला नाही, त्याची फाईल बंद करावी. आणि तोंडी काही धरू नये. साहेबांना पटलं. तीन महिन्यांत टेबलाचा पत्रा दिसू लागला. माझ्या नोकरीतला तो सगळ्यात चांगला काळ.

हे सगळं मी माझ्या भाच्याला, अंबरीशला, सांगितलं ते दोन हजार एकोणीस साली. तेव्हा लातूरच्या माझ्या घरात खाली अठरा मुली राहायच्या. सगळ्या मेडिकलच्या ‘नीट’ परीक्षेच्या क्लासला, नांदेड-हिमायतनगरपासून आलेल्या. वरच्या खोलीत अंबरीश. त्याने उत्तरपत्रिका तपासणारा एक प्रोग्राम लिहिला होता. गोल काळे करायचे, कागद मशीनमध्ये घालायचा, गुण बाहेर. प्रोग्राम फुकट, त्यातलं लिखाणही सगळ्यांना खुलं. शंभरेक क्लास तो वापरायचे. बिघाड दिसला की कुणीही इंटरनेटवरच्या यादीत तक्रार लिहायची. त्याला ते लोक इश्यू म्हणतात. असे चारशे बारा साचले होते.

"आत्या, फुकट दिलं की लोक घरगड्यासारखं बोलतात," अंबरीश म्हणाला. त्याचं जेवण कमी झालं होतं, डोळ्याखाली काळं आलं होतं. मग मी त्याला तंबू सांगितला, दगड सांगितले, तीस दिवस सांगितले.

आठवड्याभरात त्याने तो नियम यंत्राला शिकवला. तक्रारीवर तीस दिवस कुणी काही लिहिलं नाही, की यंत्र आपोआप विचारायचं, अजून अडचण आहे का? पुढच्या सात दिवसांत उत्तर नाही आलं, की तक्रार बंद. बंद झालेल्या तक्रारीवर पुन्हा लिहिता यायचं नाही. अंबरीशचं जेवण वाढलं.

खालच्या मुलींना वर जायला मनाई होती. वरचा दादा काँप्युटरवर काहीतरी करतो, एवढंच त्यांना माहीत. त्यांचे फोन माझ्या कपाटात असायचे आणि किल्ली कमरेला. महिन्याच्या पहिल्या रविवारी अर्धा तास फोन मिळायचा. क्लासचाच नियम होता, आणि क्लास मुली पाठवायचा म्हणून घर भरलेलं असायचं.

हिमायतनगरची सुकन्या डावखुरी होती. बापाचं नाव शेषेराव, घरची शेती. पोर हुशार, तोंडी विचारलं तर कुठल्याच मुलीला ऐकायची नाही. पण गोल भरताना तिचा तळवा ओल्या शाईवरून सरकायचा आणि शेजारच्या गोलात काळं ओढलं जायचं. क्लासातही अंबरीशचाच प्रोग्राम होता. तो ते दोन उत्तरं धरायचा आणि गुण कापायचा. हाताखाली रुमाल धरून बघितला, तर वेळ पुरेना. क्लासचे सर म्हणाले, "मशीनला डावं-उजवं कळत नाही बाळा. तुझंच काहीतरी चुकतंय." गुणांवरून बॅच ठरायची. ए बॅचमधून ती बीत गेली, बीतून सीत. जुलैअखेर डीत.

डी बॅचला पुढच्या परीक्षेपर्यंत फोन देऊ नये, असं क्लासचं पत्र आलं.

ऑगस्टच्या पहिल्या रविवारी बाकीच्या मुली फोन घेऊन अंगणात गेल्या. सुकन्या कपाटापाशी उभी.

"काकू, बोलायचं न्हाई मला कुणाशी. दोनच शब्द लिव्हायचे हायत."

"कुणाला?"

"ते पेपर तपासायचं हाय न्हवं, त्येंना. ‘अजून होतंय’ एवढंच."

"पत्र आलंय तुझ्या बॅचचं."

"तुमच्यासमोर लिव्हते. तुम्ही धरा की फोन."

"एकीला दिला की सगळ्या डी बॅचला द्यावा लागेल. जा, अभ्यास कर."

ती गेली. जाताना तिने कपाटाला हात लावला, तिथे शाईचं बोट उमटलं. ते मी फडक्याने पुसलं.

मंगळवारी चहाला अंबरीश हसत होता. "आत्या, चारशे बाराचे एकतीस राहिले. हा हिमायतनगरचा कुणी शेषेराव बघ. दर महिन्याला न चुकता दोनच शब्द लिहितो, अजून होतंय. या खेपेला गप्प आहे. म्हणजे सुटली असणार अडचण. यंत्राने आज विचारलंय, सोमवारी बंद होईल."

मी कप खाली ठेवला. मी म्हटलं, "अरे, ती खालचीच पोर आहे. बापाच्या नावाचा फोन आहे तिचा. माझ्या कपाटात."

"मग लिहायला सांग तिला."

"तू मनावर घे ना. समज मी सांगतेय."

"तोंडी धरायचं नाही, तूच म्हणालीस," तो म्हणाला, आणि बिस्किट बुडवलं. चिडला नव्हता. "एकाचं असं ऐकलं तर चारशे जण येतील. दोन शब्द लिहायला किती वेळ लागतो?"

त्या कपबशा विसळताना मला विठाबाई आठवली. तंबूत दर महिन्याला यायची, टेबलापुढे उभं राहून म्हणायची, "आले बरं का बाई, मी हाय." एका महिन्यात आली नाही. मी फाईलवर लिहिलं, गरज उरली नसावी. नंतर ती आली ती पायाला प्लास्टर घेऊन, जावयाच्या खांद्यावर. घरांची यादी तिच्या नावाशिवाय वरच्या कचेरीत गेली होती. तिने भांडण केलं नाही. प्यायला पाणी मागितलं, आणि मी दिलं.

सोमवारपर्यंत सहा दिवस होते. रोज सकाळी मी कपाट उघडायचे, औषधाची डबी काढायचे आणि लावून घ्यायचे. सुकन्याचा फोन खालच्या कप्प्यात, गुलाबी कव्हरचा. क्लासचं पत्र लेखी होतं. मुलगी तोंडी सांगत होती. आणि खरं सांगायचं तर, क्लासने मुली पाठवणं बंद केलं असतं तर अठरा खाटा रिकाम्या पडल्या असत्या. ते मला नको होतं. शनिवारी ती जेवायला बसली तेव्हा तिने माझ्याकडे बघितलं. मी तिला भाजी वाढली.

सोमवारी तक्रार बंद झाली. त्या महिन्याच्या परीक्षेत सुकन्या डी बॅचमध्ये शेवटून दुसरी आली. क्लासने शेषेरावांना बोलावून घेतलं.

ते ट्रंक न्यायला आले तेव्हा दारातच उभे राहिले, चहा घेतला नाही. "मास्तर म्हणले, पोरीच्यानं होत न्हाई. उगं जागा अडवून काय करायचं? नायगावचं स्थळ हाय एक."

सुकन्याने रजिस्टरवर डाव्या हाताने सही केली. मी कपाटातून फोन काढून दिला. तिने तो तिथेच चालू केला, वाचला आणि माझ्यापुढे धरला. तीस दिवस हालचाल नसल्याने ही तक्रार बंद करण्यात येत आहे. आपल्या सहकार्याबद्दल आभार.

"काकू, आभार मानलेत," ती म्हणाली.

मी म्हटलं, "नीट जा. ऑटोला सांगा बसस्टँडच्या आतपर्यंत सोडायला."

सहीवरून तिचा तळवा फिरला होता. तिचं नाव शेजारच्या रकान्यात ओढलं गेलं होतं.

चौथ्या दिवशी त्या खाटेसाठी उदगीरची एक मुलगी आली, आईबरोबर. मी तिच्यापुढे रजिस्टर सरकवलं, पेन दिलं आणि ती कुठल्या हाताने घेते ते बघितलं. उजव्या हाताने घेतलं. मी तिला खाट दाखवली आणि तिचा फोन कपाटात, खालच्या कप्प्यात ठेवला.