राजा वेशीपाशी उभा

मेहकरच्या बसस्टँडमागं निवृत्ती आणि कोकिळा या नवरा-बायकोचा टायपिंगचा क्लास होता. मराठी कोकिळा शिकवायची, इंग्रजी निवृत्ती. एकोणनव्वद साली निवृत्तीनं औरंगाबादहून एक वापरलेला कॉम्प्युटर आणला. पुढं हेच चालणार, असं तो सगळ्यांना सांगायचा. पण शिकायला फारसं कुणी आलं नाही, तेव्हा दुपारी क्लास बंद असला की तो स्वतःच त्यावर गेम खेळत बसायचा.

गेमही त्याला कुठलाही चालत नसे. गोळ्या झाडायच्या, गाड्या पळवायच्या गेमचा त्याला लगेच कंटाळा आला. जहांगीर हा त्याचा मित्र. रेडिओ-टीव्ही दुरुस्त करायचा आणि सुटे भाग आणायला मुंबईला जायचा. निवृत्तीनं त्याला सांगून ठेवलं होतं, की जुन्या काळचं राज्य असलेला गेम शोध. नुसती लढाई नको, दरबार पाहिजे, कारस्थानं पाहिजेत, जादू पाहिजे आणि आपल्याला त्यातलं एक माणूस होता आलं पाहिजे. जहांगीर बरेचदा हात हलवत परत आला. अखेर एका दुकानदारानं त्याला तसा गेम फ्लॉपीवर उतरवून दिला. जहांगीरनं एक नक्कल स्वतःला ठेवली.

काळ्या पडद्यावर हिरव्या रेघांचा किल्ला, त्याला एक वेस, आणि माणसं म्हणजे इंग्रजी अक्षरं. निवृत्ती राजा झाला, म्हणजे ‘एन’ झाला. प्रधानाला त्यानं सुलतानपूरला शेती करणाऱ्या आपल्या थोरल्या भावाचं, अर्जुनरावांचं नाव दिलं. दरबारच्या जादूगारणीला कोकिळाचं. या दोघांवाचून आपलं राज्य चालायचं नाही, असं म्हणून तो हसायचा.

पावसाळा सरता सरता त्याला कावीळ झाली आणि दसऱ्याच्या आधीच तो गेला.

क्लास कोकिळानं बंद पडू दिला नाही. अर्जुनराव बाजाराच्या दिवशी यायचे, ज्वारी नाहीतर भाजी ठेवायचे, समोरच्या हॉटेलातून तिच्यासाठी चहाचा ग्लास आणून टेबलावर ठेवायचे आणि फार न बोलता निघून जायचे.

थंडीत एका दुपारी, मशीन बंद राहून बिघडू नये म्हणून तिनं कॉम्प्युटर सुरू केला. त्यानं तारीख विचारली, तिनं ती घातली. फ्लॉपी आतच होती. किल्ला उमटला आणि खाली ओळी आल्या. राजा निवृत्ती. प्रकृती: चांगली. भूक: फार.

तिनं ते पुन्हा वाचलं. मग धावत जाऊन जहांगीरला बोलावून आणलं. त्यानं समजावलं, की यात काही नवल नाही. आपण तारीख घालतो त्यावरून गेम मधले दिवस मोजतो, तेवढे दिवस राजाला जेवण मिळालेलं नाही, बस. तो गेल्यावर कोकिळानं मुदपाकखान्याला हुकूम दिला. भूक: नाही, असं पडद्यावर आलं तेव्हा तिला रडू फुटलं.

मग ती रोज दुपारी त्याला जेवू घालू लागली. हे वेडेपण आहे हे तिला कळत होतं. पण तिथं त्याची प्रकृती चांगली होती.

राज्य मात्र नुसत्या जेवणावर चालत नव्हतं. सरदारांचे दोन तट पडले होते. प्रधान अर्जुन रोज खजिन्याच्या किल्ल्या मागायचा आणि ती रोज नाही म्हणायची. कुणाला गोंजारायचं, कुणाला दूर ठेवायचं, हे निवृत्तीला जमत असे, तिला जमेना. एका दुपारी दरबारात मेजवानी झाली आणि ओळ उमटली: प्रधान अर्जुनाच्या हातचं सरबत पिऊन राजा मरण पावला.

‘एन’ फिका पडून सिंहासनापुढं राहिला.

ती तशीच बसून होती तेवढ्यात अर्जुनराव आले आणि त्यांनी नेहमीसारखा चहा ठेवला. तिनं त्यांच्या हाताकडं बघितलं. ते गेल्यावर तिनं तो ग्लास मोरीत ओतला. पुढच्या बाजाराला ते दारातून वळत असतानाच तिनं तो ओतला आणि त्यांनी ते पाहिलं. त्यानंतर ते पोतं दाराबाहेर ठेवून परस्पर जाऊ लागले.

जादूगारणीला मेलेला माणूस उठवता येत होता. त्यासाठी तिची सगळी विद्या खर्ची पडायची. जहांगीरला हे कळलं तेव्हा त्यानं तिला अडवलं.

“वैनी, मी माह्या फ्लॉपीवर करून पाह्यलं. उठलेला माणूस कोणाचंच आयकत नाई. राहू द्या तसंच.”

तिनं ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं मंत्र म्हटला आणि ‘एन’ पुन्हा उजळला. पण नावापुढं प्रकृती कोरी होती, भूकही कोरी. जेवण पाठवलं की ते तसंच परत यायचं. तिनं बटणं दाबली तरी तो हलेना. मग कुठलंही बटण न दाबता तो चालू लागला, अंगण ओलांडून बंद वेशीपाशी गेला आणि वेशीकडंच तोंड करून थांबला.

रोज ती मशीन लावायची आणि तो तिथंच असायचा. वेशीकडच्या सगळ्या माणसांनी जागा सोडली. सरदार, नोकर, घोड्यांची अक्षरंसुद्धा पलीकडच्या भिंतीला जाऊन दाटली. तिनं आठवडाभर मशीन लावलीच नाही. पुन्हा लावली तेव्हा पहारेकऱ्याचा एकच निरोप ओळीखाली ओळ येत राहिला: राजा दार वाजवतो. राजा दार वाजवतो. क्लासमध्ये मुलींची बोटं एकदम थांबली, की कोकिळाला आणखी एक ठोका ऐकू येऊ लागला. तो निवृत्तीच्या मशीनकडून यायचा, आणि त्या मशीनवर खोळ होती.

वेस उघडायला प्रधानाची परवानगी लागत होती. ज्यानं राजाला मारलं त्याच्यापुढं हात जोडायचे, हे तिच्यानं होईना. शेवटी बाजाराच्या दिवशी पोतं ठेवून वळलेल्या अर्जुनरावांना तिनं हाक मारून आत बोलावलं. ते तिचे भासरे, म्हणून जरा अंतर ठेवून स्टुलावर बसले. तिनं त्यांना सगळं सांगितलं. सरबताचंही, चहाचंही.



“मी त्याले काऊन मारीन, बाई?” ते म्हणाले. “दवाखान्यात त्याले पाठीवर घेऊन मीच गेलतो.”

तिला मान वर करवेना. मग त्यांनी विचारलं, की आता तो कुठं आहे. तिनं पडद्यावर बोट ठेवलं. इंग्रजी अक्षर त्यांना वाचता येत नव्हतं, पण ते पुढं वाकून त्याच्याकडं बघत राहिले.

“तोंड कुठं हाय त्याचं?”

“वेशीकडं.”

“मंग उघड.”

तिनं सांगितलं, की प्रधानानं हो म्हटल्याशिवाय वेस उघडत नाही.

“प्रधान मीच हाय ना?” अर्जुनराव म्हणाले. “इचार त्याले.”

तिनं विचारलं. प्रधानानं बदल्यात गादी मागितली. तिनं ते वाचून दाखवलं तेव्हा ते म्हणाले, “देऊन टाक. तो गेल्यावर ते राज्य कोणाले पाह्यजे?”

तिनं गादी दिली. वेशीची रेघ मधोमध तुटली. ‘एन’ हळूहळू त्या फटीतून बाहेर पडला, काळ्या मोकळ्या जागेतून सरकत पडद्याच्या कडेला गेला आणि दिसेनासा झाला. यादीतून त्याचं नाव पुसलं गेलं. वेस मिटली.

मग पहारेकऱ्याचा दिवसाचा हिशेब उमटला. आत आले: कुणी नाही. बाहेर गेले: दोन.

कोकिळानं यादी वरपासून खालपर्यंत तपासली. प्रधान होता, जादूगारण होती, सगळे सरदार होते. राजाखेरीज एकही माणूस कमी नव्हता. पुढं जहांगीरनं आपल्या फ्लॉपीवर तसंच सगळं करून पाहिलं, तर तिथं एकच बाहेर गेला. पण त्या दुपारी तिनं फक्त अर्जुनरावांना सांगितलं, की दोघं गेले म्हणतो, आणि दुसरं कोण ते कळत नाही.

अर्जुनरावांनी दुपट्ट्यानं तोंड पुसलं. निवृत्ती रांगत होता तेव्हाच त्यांची आई वारली होती आणि त्याला या थोरल्या भावानंच कडेवर वाढवलं होतं.

“माय आली असन घ्यायले,” ते म्हणाले.

कोकिळानं मशीन लगेच बंद केली नाही. चारच्या बॅचच्या मुली जिन्यावरून येईपर्यंत ती दोघं त्या काळ्या जागेकडं बघत बसली.