दगड की डोळे

त्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत मला एक बटण दाबायचं होतं, आणि सकाळपासून ते बटण सोडून दुकानातल्या सगळ्या गोष्टींना माझा हात लागला होता. फ्रेम पुसल्या. पुसलेल्या फ्रेम पुन्हा पुसल्या. लहान मुलांच्या फ्रेम काढून वरच्या खणात लावल्या, मग लक्षात आलं की तिथे लहान मुलांचे हात पोचणार नाहीत, म्हणून परत खाली आणल्या. आत्या मागच्या खोलीत काच घासायच्या मशीनवर बसली होती. तिथूनच ती ओरडली, "अगं, किती नाचशील? बस की एका जागी!"

बसले असते. पण बसलं की नजर काउंटरवरच्या फोनकडे जायची, ते बटण त्यातच होतं.

प्रकरण तसं साधं होतं. मला दोन ठिकाणी प्रवेश मिळाला होता. एक इथल्याच कॉलेजात ऑप्टोमेट्रीला, म्हणजे डोळे तपासून नंबर काढायचं रीतसर शिक्षण. घरी राहायचं, चालत जायचं, आणि शिकून झालं की बाबांच्या चष्म्याच्या दुकानात त्यांच्या शेजारी खुर्ची टाकायची. दुसरा प्रवेश एका लांबच्या विद्यापीठात, भूगर्भशास्त्राला. बटण दाबलं तर तिकडचा पक्का. नाही दाबलं तर इकडचा आपोआप कायम आणि तिकडची जागा दुसऱ्या कुणाला. म्हणजे राहायचं असेल तर मला काहीच करायचं नव्हतं. जायचं असेल तरच हात हलवायचा होता.

'ऐकावे जनाचे, करावे मनाचे' म्हणतात. जनांची काही कमतरता नव्हती. आई हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत रक्ताचे नमुने तपासते. तिथून ती सारखी फोन करत होती. "झालं का?" मी नाही म्हटलं की, "तुझं तू ठरव गं, माझा काही आग्रह नाही," असं म्हणून ती मनसोक्त आग्रह करायची. आग्रह तरी एक धरावा! सकाळी तिला वाटत होतं मी जावं, जेवणाच्या सुट्टीत वाटत होतं मी राहावं. शेजारचे शिंपीकाका चष्म्याची काडी आवळून घ्यायला आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दगड शिकायला एवढ्या लांब? आपल्या गल्लीत काय कमी दगड आहेत?" आणि स्वतःच्याच विनोदावर एवढे हसले की आवळलेली काडी पुन्हा सैल झाली. मला त्यांच्या नाकावर चष्म्याऐवजी एक चांगला जड दगड बसवावासा वाटला.

दगडांचं खूळ माझ्या डोक्यात शिरलं ते गावाबाहेर रस्त्यासाठी डोंगर कापला तेव्हा. शाळेची बस तिथे बंद पडली होती. कापलेल्या बाजूला थरावर थर दिसत होते, करडे, तांबूस, मध्येच एक काळा. आणि एका ठिकाणी सगळेच्या सगळे थर तुटून हातभर खाली सरकलेले. "हे कुणी हलवलं?" असं मी बाईंना विचारलं. बाई म्हणाल्या, "बस सुरू झाली, चल." तो प्रश्न माझ्या डोक्यातून काही केल्या गेला नाही. पुढे मी पुस्तकं मिळवून त्याचं उत्तर वाचलं, तर त्यातून आणखी प्रश्न निघाले.

जनांचं ऐकून झालं, उरलं मन. ते सकाळी एक सांगत होतं आणि जेवल्यावर दुसरंच. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत.

पण माझं खरं घोडं अडलं होतं ते बाबांपाशी. गेलं वर्षभर बाबा काच नंबर मोजायच्या यंत्रात लावायचे, डोळा टेकवायचे आणि म्हणायचे, "तू बघ जरा." आधी मला वाटलं, शिकवतायत. मी आकडा सांगायची, ते "बरोबर" म्हणायचे. एकदा मी घाईत चुकीचा आकडा सांगितला, तरी ते "बरोबर"च म्हणाले. तेव्हा मला कळलं, त्यांना तिथलं काही दिसतच नाहीये. त्या दिवसापासून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायच्या आधी प्रत्येक चष्मा मी गुपचूप पुन्हा तपासू लागले. बाबांना माहीत होतं, मला माहीत होतं, आत्याच्याही लक्षात आलं असणार, आणि आम्ही तिघं डोळेझाक करून चष्म्याचं दुकान चालवत होतो. मी गेले तर ते आकडे कोण वाचणार? हा प्रश्न मी कुणालाच विचारला नव्हता. अख्ख्या जगाला मात्र विचारत फिरत होते, दगड की डोळे?

दुपारी बाबांनी तपासणीच्या खोलीतून डोकं बाहेर काढलं. "काय गं, तिकडचं की इकडचं?"

"इकडचं," मी म्हणाले.

ते मान हलवून आत गेले. मागून आत्या खुसखुसली.

"हसतेस काय?"

"सकाळी त्यानं तुला 'इकडचं की तिकडचं' असं विचारलं, तेव्हा तू म्हणालीस तिकडचं. कालही तेच. तो जे शेवटी म्हणेल ते तुझं उत्तर. अगं वेडे, दादा तुला गिऱ्हाइकासारखं तपासतोय."

मला लगेच उमगलं, कारण हा आमच्या दुकानातला जुना डाव होता. बाबा डोळ्यांपुढे एक काच धरतात, मग दुसरी, आणि विचारतात, "हे बरं की हे?" मध्येच ते तीच काच उचलून पुन्हा तीच ठेवतात. शांत माणूस म्हणतो, दोन्ही सारखंच. घाबरलेला माणूस, आपलं उत्तर चुकेल या भीतीनं, दरवेळी नंतरचंच बरं म्हणतो. अशा माणसाच्या उत्तरावर चष्मा करायचा नाही, त्याला पाणी द्यायचं आणि दुसऱ्या दिवशी बोलवायचं, हा बाबांचा नियम.

माझं डोकंच फिरलं. मी तडक आत गेले. "मी काय गिऱ्हाईक आहे तुमचं?"

"घाबरलीयेस तू," बाबा शांतपणे म्हणाले. "घाबरलेल्या माणसानं असले निर्णय घेऊ नयेत."

"मग काय करावं? उद्या यावं? उद्या ती जागा राहणार नाहीये, बाबा!"

"नाही राहिली तर नाही राहिली. इथली आहेच की."

ते इतक्या सहज म्हणाले की मला संशय आला, हे स्वतःच तर घाबरलेले नाहीत? मी त्यांच्या हातातली तपासणीची गोल फ्रेम काढून घेतली. "बसा. आज तुमचा नंबर काढू."

"आता कशाला?"

"बसा म्हणते ना!"

ते बसले. मी फ्रेम त्यांच्या नाकावर चढवली आणि एक काच सरकवली. समोर अक्षरांचा तक्ता होता. "हे बरं..." मी काच उचलली आणि तीच परत ठेवली. "...की हे?"

"दुसरं," बाबा म्हणाले.

पुन्हा तीच काच. "हे की हे?"

"दुसरं."

"बाबा, मी काच बदललीच नाही."

मी खिशातला टॉर्च काढला आणि त्यांच्या डोळ्यात प्रकाश टाकला. बाहुलीत काळंभोर दिसायला हवं, तिथे दुधात पाणी घातल्यासारखं दिसत होतं. दुसऱ्या डोळ्यातही तेच. म्हाताऱ्या गिऱ्हाइकांच्या डोळ्यांत मी हे शेकड्यानं पाहिलं होतं.

"मोतीबिंदू आहे," मी म्हणाले.

माझा स्वतःवर विश्वास बसेना. मी वर्षभर धरून चालले होते की बाबांचे डोळे कायमचे चाललेत, त्यावर इलाज नाही, म्हणूनच ते बोलत नाहीत. आणि निघालं काय, तर मोतीबिंदू! समोरच्या इमारतीतल्या डॉक्टरीणबाईंकडे बाबा सतत कुणाला ना कुणाला त्यासाठीच पाठवतात. "अहो, काही नसतं त्यात, दुपारी जेवायला घरी याल," असं छातीठोक सांगतात. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो माझ्या पुढ्यात खुर्चीवर बसला होता.

"डॉक्टरीणबाईंना दाखवलंत का?"

बाबा तक्त्याकडे बघत राहिले. आत्या केव्हाची दारात येऊन उभी होती. तिनं फडक्याला हात पुसले. "दाखवलंय. मागच्या वर्षीच. ऑपरेशनची तारीख दोनदा मिळाली आणि दोनदा यानं पुढे ढकलली. मला शपथ घातली होती, म्हणून गप्प बसले."

"का?" मी बाबांना विचारलं. "का ढकलली?"

त्यांनी ती फ्रेम काढून मांडीवर ठेवली. "मला दिसायला लागलं असतं, तर तू गेली असतीस."

मला रडू नाही आलं, संताप आला. मी खूप बोलले. लोकांचे चष्मे म्हणजे काय खेळ वाटला का, कुणी गाडी चालवतं, कुणी सुईत दोरा ओवतं, एखादा चष्मा माझ्या नजरेतून सुटला असता तर? बाबा खाली मान घालून ऐकत होते. बोलता बोलता माझा आवाज मलाच ऐकू यायला लागला आणि मी थांबले. टॉर्च अजून माझ्या हातात होता. तो वर्षभर माझ्या खिशात होता. रोज मी त्यानं परक्यांच्या डोळ्यांत बघत होते आणि एकदाही बाबांच्या डोळ्यांत बघितलं नव्हतं. बघितलं असतं तर इलाज सापडला असता, आणि इलाज सापडला असता तर मला जावं लागलं असतं. अनोळखी खोली, अनोळखी मुली, चुकले तरी "बरोबर" म्हणायला कुणी नाही. मला त्या सगळ्याची भयंकर भीती वाटत होती. वडिलांसाठी राहिले, हे सांगायला किती छान वाटलं असतं! तो मोतीबिंदू बाबांना जेवढा हवा होता, तेवढाच मलाही हवा होता.

मी बाहेर आले, काउंटरवरचा फोन उचलला आणि बटण दाबलं. पानावर ते गोल चिन्ह फिरत राहिलं. फिरता फिरता बंद पडेल तर बरं, असंही क्षणभर वाटलं. मग प्रवेश निश्चित झाल्याचं आलं.

बाबा माझ्या मागे येऊन उभे होते. "दाबलंस?"

"हो."

"मला हे आवडलेलं नाही."

"माहितीये."

"पुढे आवडेल असंही वाटत नाही मला."

"नका आवडून घेऊ. पण उद्या डॉक्टरीणबाईंकडे जायचं. आत्या नेईल."

"ओढत नेईन," आत्या म्हणाली.

तेवढ्यात एक बाई आत आल्या. त्यांच्या चष्म्याची एक काच तडकली होती, तिच्याच नंबरची नवी काच हवी होती. बाबांनी चष्मा घेतला, यंत्रात लावला, सवयीनं डोळा टेकवला आणि सवयीनंच माझ्याकडे वळले. "तू..." एवढंच म्हणाले आणि थांबले. मग त्या बाईंकडे बघून, प्रत्येक शब्द जड जात असल्यासारखे बोलले, "बाई, मला सध्या नीट दिसत नाही. मोतीबिंदू आहे. माझी बहीण बघेल."

बाई चपापल्या. "अहो, चष्मेवाल्यालाच दिसत नाही म्हणजे कमाल झाली!"

"करून घेणार आहे ऑपरेशन," बाबा म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते.

आत्यानं यंत्रापुढे बूड टेकवलं, डोळा लावला आणि आकडा मोठ्यानं वाचला. माझे पाय आपोआप पुढे झाले. वर्षभराची सवय, पुन्हा तपासून बघायची. आत्यानं मान न उचलता मला कोपरानं ढोसलं.

"सरक बाजूला. येतं मला."

मी सरकले. आकडा तिनं बरोबरच वाचला असणार, तिच्या आवाजावरूनच ते कळत होतं. बाबा त्या बाईंना काच कधी मिळेल ते सांगत होते. मला करायला काही उरलं नव्हतं. दुकान माझ्यावाचून चालणार होतं, आणि आता मला खरंच जावं लागणार होतं.