लालीचा कोरडा हिवाळा

सुनेत्राकाकूंची हॉस्पिटलच्या लॅबमध्ये एकतीस वर्षं गेली ती बुरशी वाढवण्यात. काचेच्या बशीत, रीतसर, झाकण लावून. त्यामुळे मागच्या एप्रिलमध्ये शेडचं दार उघडून त्यांना आपल्याच गाडीच्या सीटवर ती दिसली, तेव्हा आधी ओळख पटली आणि मग डोळ्यांत पाणी आलं.

गाडीचं नाव लाली. लालभडक, कापडी छताची. अमेरिकेत, नेपरव्हिलला आल्यावर काकूंनी स्वतःच्या पगारातून घेतलेली पहिली वस्तू. हिच्यावरच त्या ड्रायव्हिंग शिकल्या, हिच्यातूनच लेकीला, ऋताला, चार दिवसांची असताना घरी आणली. हिवाळ्यात इथे रस्त्यांवर मीठ टाकतात, त्यानं पत्रा गंजतो. म्हणून दसऱ्याची पूजा झाली की लाली गावाबाहेरच्या एका शेतावरच्या शेडमध्ये झोपायला जाते आणि एप्रिलात उठते. त्या वर्षी नेमक्या दसऱ्याला काकू आजारी बहिणीसाठी नागपूरला होत्या आणि लालीला झोपवायचं काम आलं नवऱ्याकडे, गुरुदत्तकाकांकडे.

काका इंजिनिअर. नव्या सोफ्यावरचं प्लॅस्टिक दोन वर्षं न काढणारा माणूस! त्यांनी गाडी घसाघसा धुतली आणि ओलीच शेडमध्ये नेली. आरशाला पूजेचा झेंडूचा हार, पुढच्या सीटवर नारळ, सगळं जागच्या जागी. वरून प्लॅस्टिकची ताडपत्री, चारी बाजूंनी टेप. "हवाबंद! मुंगी शिरायची नाही," असं त्यांनी फोनवर ऐटीत सांगितलं.

मुंगी नाहीच शिरली. पण आतला ओलावा जाणार कुठे बिचारा? सहा महिन्यांनी सीट, पट्टे, स्टिअरिंग, सगळ्यावर हिरवी-पांढरी लव. ऋताला लहानपणापासून बुरशीची ॲलर्जी. ती दारातूनच लागोपाठ अकरा वेळा शिंकली. "आई, प्लीज, लेट इट गो," म्हणाली. काकांनी तर गिऱ्हाईकही गाठलं. मराठी मंडळातला संजय गाडी न्यायला तयार होता, सुट्या भागांसाठी.

सुट्या भागांसाठी! काकूंचं डोकंच फिरलं. उन्हाळाभर त्यांनी सीट बाहेर काढून घासल्या, वाळवल्या, पुन्हा बसवल्या. सप्टेंबरात जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं, "यंदा गाडी मी झोपवणार. एप्रिलमध्ये ऋतानं आत नाक खुपसून बघायचं. एक शिंक आली, तरी चावी संजयला."

"आणि नाही आली तर?" काकांनी विचारलं.

"तर तुम्ही जन्मभर मागच्या सीटवर बसायचं."

पूजा झाली तशी काकूंनी हार, नारळ, लिंबू, सगळं उतरवलं. गाडी खालून धुतली आणि तीन दिवस दारं, बॉनेट सताड उघडं ठेवून उन्हात उभी केली. सीटखालून पाव वाटी चिवडा निघाला. "बघा, पंगतच मांडलीत तुम्ही बुरशीसाठी," त्या कडाडल्या.

शेडची जमीन काँक्रीटची. दिसते कोरडी, पण खालून ओल सोडते. तिच्यावर काकूंनी जाड प्लॅस्टिक अंथरलं आणि त्यावर गाडी उभी केली. पायपोस घरी आणले, खिडक्या बोटभर उघड्या ठेवल्या, आत हवेतलं पाणी ओढून घेणाऱ्या खड्यांचे तीन डबे ठेवले. आणि वरून घातला सात जुन्या सुती साड्यांचा शिवलेला अंगरखा.

"प्लॅस्टिक खाली आणि साड्या वर? ही काय उलटी गंगा!" काका हसले.

"तिला श्वास घेऊ दे. तुम्ही तिचं लोणचं घातलं होतंत, तेही ओल्या बरणीत."

डिसेंबर-जानेवारी बरे गेले. दर तीन आठवड्यांनी काकू बर्फ तुडवत जायच्या, डब्यांतलं पाणी ओतून नवे खडे भरायच्या. दहा मिनिटं इंजिन चालवून येतो, असं काका दोनदा म्हणाले. "मुळीच नाही! दहा मिनिटांत ते तापत नाही, नुसती आत वाफ धरते," म्हणून काकू बॅटरीच काढून घरी घेऊन आल्या. फेब्रुवारीत मात्र अचानक बर्फ वितळलं, वर तीन दिवस पाऊस. शेडच्या भिंतींना घाम फुटला. त्या आठवड्यात काकूंना अन्न गोड लागेना. लाली गेली तर आपलं इथलं सगळं तरुणपण गेलं, असं त्यांना वाटत होतं, आणि हे कुणाला सांगायचीही चोरी!

एप्रिलातल्या एका शनिवारी तिघं शेडमध्ये उभी राहिली. साड्या उतरल्या. लाली लखलखीत! ऋतानं दार उघडलं, डोकं आत घातलं आणि तिथेच थांबली.

"आई, कसला तरी वास येतोय."

ऋतानं मागच्या सीटखाली हात घातला आणि एक पुरचुंडी बाहेर काढली. पुरुषी रुमाल, गाठ मारलेला. आत लिंबू, अजून कुंकवाचं बोट असलेलं.

काकूंनी मान वळवली. काका लालीपेक्षा लाल झाले होते.

"तुम्ही?"

"पूजेतलं आहे," काका पुटपुटले. "तू सगळं काढून टाकलंस ना. म्हटलं, एक तरी असू दे आत. गाडी वाचावी म्हणून."

आरतीला घड्याळ बघत टाळ्या वाजवणारा हा माणूस! काकूंनी चष्मा सारखा केला आणि ते लिंबू लॅबमधल्या बशीसारखं उजेडात धरून सगळीकडून फिरवून बघितलं. सुकून सुपारीएवढं झालेलं, दगडासारखं टणक.

"सहा महिने! बंद गाडीत, रुमालात गुंडाळलेलं लिंबू," त्यांचा आवाज चढत गेला, "आणि बुरशीचा एक ठिपका नाही! अहो, लिंबूसुद्धा वाळलं, नासलं नाही!"

ऋता अजून शिंकली नव्हती. तिनं आत बसून दोनदा छाती भरून श्वास घेतला. "नथिंग, आई. यू डिड इट!" काकांनी वाकून खालच्या प्लॅस्टिकचा कोपरा उचलला, त्याच्या पोटाला पाण्याचे टपोरे थेंब लगडले होते. मग म्हणाले, "संजयला मी फोन करतो. नाही म्हणून सांगतो."

बॅटरी जोडली, चावी फिरवली. दुसऱ्या खेपेला लाली गुरगुरली. काकूंनी छत उघडलं. जिंकल्याचं हसू त्यांना आवरता येईना, आणि का आवरावं म्हणते मी! काका मुकाट्यानं मागचं दार नसलेल्या त्या गाडीत, पुढची सीट वाकवून, मागे चढायला लागले.

"अहो, पुढे बसा," काकू म्हणाल्या. "ऋता बसेल मागे. ते लिंबू तेवढं मांडीवर घ्या."