धक्का बसू नये म्हणून

सोलापूरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गर्भाशयाचं अस्तर पातळ आहे. गर्भ आज आत सोडता येणार नाही. पुढच्या महिन्यात बघू."

आमचा गोठवलेला एकुलता गर्भ तिथंच राहिला. थंडीत त्याचं वय वाढत नाही. माझं उमरग्याच्या उन्हात वाढतं.

परतीला अक्रमभाई प्रत्येक गतिरोधकावर भाड्याची जीप अलगद उतरवत होते. आमच्या यांनीच सकाळी त्यांना बजावलं होतं, "येताना धक्का बसू देऊ नका."

नळदुर्गजवळ मागचा ट्रकवाला हॉर्न मारून थकला. तेव्हा हे पुढं वाकले.

"पळवा आता, अक्रमभाई. सांभाळण्यासारखं काय न्हाय गाडीत."

"भाभी हायत की," म्हणत त्यांनी जीप तशीच हळू ठेवली.

चाचणीच्या निकालाच्या दिवसासाठी राखलेलं रडू मी तिथंच संपवलं.