दगडावरचं मीठ

म्हस्कूने मेंढरं विकून चार वर्षं झाली होती, पण रविवार उजाडला की त्याचे पाय आपोआप माळाकडे वळत. खांद्यावर घोंगडी आणि हातात खडेमिठाची पुरचुंडी. शिरूरहून दौंडकडे जाताना जो उघडाबोडका माळ लागतो, त्यावर पाच-सहा सपाट दगड होते. त्याचा बाप त्या दगडांवर मेंढरांना मीठ घालायचा, बापामागे म्हस्कू घालायला लागला. मेंढरं गेली, सवय तेवढी राहिली. आता तो मीठ घालायचा ते हरणांना.

सुरुवात तशी हरणांनीच केली होती. कळप विकल्यावर म्हस्कू एकदा उगाचच माळावर गेला, तर काळविटांचा आख्खा कळप त्या कोरड्या दगडांना जिभा लावत उभा होता. तो तसाच घरी फिरला आणि मीठ घेऊन आला. तेव्हापासून एक रविवार त्याने चुकवला नाही. काळा नर मान ताठ करून पहारा द्यायचा, माद्या आणि पाडसं दगड चाटायची आणि म्हस्कू लांब बाभळीखाली बसून बघत राहायचा. तेवढा वेळ त्याला वाटायचं, आपण अजून धनगर आहोत.

"घरच्या कालवणात मीठ कमी पडलं तर चालंल, पर हरणांचं चुकाया नको!" त्याची बायको गिताबाई करवादायची. करवादायची आणि पुरचुंडी स्वतःच बांधून द्यायची.

मेंढरांच्या पैशातून घेतलेलं रान तसं बरं होतं, ओढ्याकडचा एक कोपरा सोडून. तो चोपण, खारवट निघाला. विहिरीचं मचूळ पाणी पाजलं तसा आणखीच बिघडला. ज्वारी वीतभर व्हायची आणि पिवळी पडायची, आणि थंडी लागली की मातीवर पांढरा थर धरायचा. जिप्सम टाका, चर काढा, जमीन माणसात येईल, असं ग्रामसेवक सांगून गेला होता. म्हस्कूने त्यासाठी दारातल्या शेळीची दोन करडं विकायचंही ठरवून टाकलं होतं. एरवी तो तिकडे फिरकत नसे. मेंढरं सोडून शेतकरी व्हायला निघालेल्या माणसाला ती जमीन हसते आहे, असं त्याला वाटायचं, आणि कुणी हसलेलं सोसणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

दिवाळी झाल्यावर तो घोडनदीच्या बाजाराला गेला. सावळारामशेठच्या दुकानात मीठ बांधून घेत होता, तेवढ्यात पोपटराव आत आला. रस्त्याच्या कामांचा कंत्राटदार, नवी जीप आणि तिच्यात कायम बंदूक.

"आबा, तुमच्या दगडांवर हरणं येत्यात म्हणं," पोपटराव म्हणाला. "ब्येस झालं. मीठ तुम्ही घाला, मसाला आम्ही घालतो! येतोच रविवारी."

दुकान हसलं. म्हस्कूही कसनुसा हसला. पण बाहेर आल्यावर पुरचुंडी हातात धरून तो रस्त्यातच थांबला. आपण चार वर्षं मीठ घालत होतो की त्या जनावरांना सुरीखाली गोळा करत होतो?

मीठ बंद करावं म्हटलं तर दुसरी भीती होती. मिठावाचून राहिलेली मेंढी त्याने बघितली होती. ती लोकर खाते, हाडं चघळते, वाळत जाते. घातलं तर पोपटराव मारणार, नाही घातलं तर आपण.

तो तसाच बन्यामीनकडे गेला. बन्यामीन ढोरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होता. राहायचा मिशनच्या चर्चमागे. म्हस्कूच्या मेंढरांना सुया टोचता टोचता दोघांची दोस्ती जमली होती. पोपटरावचं बोलणं त्याच्या कानावर घालून म्हस्कू म्हणाला,

"बन्यामीनभाऊ, गायांसाठी तुमच्याकडं ती चाटायची क्षाराची इट येती न्हवं? येक द्या. कुठंतरी आडबाजूला ठिवतो हरणांसाठी."

"आबा, अर्जावर नाव लागतं. काय लिहू? काळवीट, मुक्काम पोस्ट माळ?" बन्यामीन हसला, पण म्हस्कूचं तोंड बघून त्याने चेष्टा आवरली. मग हळू आवाजात म्हणाला, "इट ठिवा न्हाईतर मीठ, गोष्ट तीच. तुम्ही बोलवणार, ती येणार. आन् ती येत्यात तिथं पोपटराव येणार. रानच्या जनावराला येका जागेची सवय लावू न्हाई, आबा."

"आन् मिठाबिगर मेली तर?"

"तुमच्या आधी त्यास्नी कोण घालत हुतं?"

"माझा बाप!" म्हस्कू फणकारला.

"आन् बापाच्या आधी?"

"त्येचा बाप!" एवढं बोलून म्हस्कू तरातरा निघाला. पण गोष्ट डोक्यात शिरली होती.

रविवारी तो पुरचुंडीशिवाय माळावर गेला. सगळे दगड त्याने उपडे घातले. कळप वेळेवर आला. माद्या दगड हुंगू लागल्या, एक पाडस तर सरळ त्याच्याकडे बघत उभं राहिलं. म्हस्कूने खडे उचलून भिरकावले, घोंगडी फडकावली, घसा फोडून ओरडला. कळप उधळला. उभ्या जन्मात त्याने जनावर जवळ बोलावलं होतं, असं हाकललं कधी नव्हतं. त्याला रडू आलं.

दुपार कलल्यावर जीप आली, माळावर धुरळा उडवत फिरली आणि रिकामी गेली. पुढच्या रविवारीही तेच. म्हस्कूचा एक घोर मिटला आणि दुसरा वाढला, कारण हरणं कुठेच दिसेनात. बाभळीखाली बसून बसून त्याचे डोळे दुखायला लागले. जेवण कमी झालं.

"मेंढरं इकली तवा बी आसं केलं न्हाई तुम्ही," गिताबाई म्हणाली. या वेळी ती चेष्टा करत नव्हती.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी ती ओढ्याकडे काटक्या गोळा करायला गेली आणि रिकाम्या हाताने पळत परत आली. "अवं उठा! बोलू नका, नुस्तं या. कुत्रं बांधा आधी."

दोघं वाकून बांधाआड गेले. समोर चोपणाचा कोपरा धुक्यात पांढरा पडला होता आणि त्यावर सगळा कळप पसरला होता. माद्या माना खाली घालून माती चाटत होत्या. पाडसं एकमेकांना ढुशा देत होती. काळा नर गुबगुबीत, अंगावर तुकतुकी. वाळलेलं एकही नव्हतं.

कळप ओढ्यात उतरून गेल्यावर म्हस्कू त्या जमिनीवर चालत गेला, किती तरी दिवसांनी. जिभांनी चाटून चाटून मातीत परातीएवढे खळगे पडले होते. काही ताजे होते. बाकीचे जुने, कडा झिजलेले, खाली मागच्या सालच्या लेंड्या वाळून पडलेल्या. म्हणजे ती आधीपासून इथे येत होती. त्याचं मीठ चालू असतानाही.

"आन् तुम्ही समजत हुता, तुम्हीच पोसताय," गिताबाई म्हणाली.

म्हस्कू आधी ओशाळला आणि मग जो हसत सुटला, तो खोकला लागेपर्यंत. छातीवरची धोंड कुणी उचलून नेली होती. त्याने आजूबाजूला बघितलं. एका अंगाला ओढ्याची घळ, जीप उतरायची नाही. दुसऱ्या अंगाला त्याचं स्वतःचं घर. त्याच्या दारावरून बंदूक घेऊन कोण येतो, ते बघायला तो बसलाच होता.

"मंग जिप्समचं काय करताय?" गिताबाईने विचारलं.

म्हस्कूने खाली वाकून चिमूटभर माती उचलली, जिभेला लावली आणि थुंकली. "र्‍हाऊ दे," तो म्हणाला. "करडं बी र्‍हाऊ देत."

पुढच्या बाजाराला तो सावळारामशेठच्या दुकानात गेला, तेव्हा पोपटराव तिथेच विडी ओढत बसला होता. शेठने सवयीने मिठाच्या पोत्यात माप घातलं.

"मीठ नको," म्हस्कू म्हणाला. "गूळ द्या."

"का वो आबा? हरणं रुसली का काय?"

"न्हाई," म्हस्कू म्हणाला. "औंदा आमच्या रानात मीठच पिकलंय."

दुकान पुन्हा हसलं, पोपटराव तर सगळ्यांत मोठ्याने. म्हातारं वेडं झालं, असं तो म्हणाला. म्हस्कू या वेळी त्यांच्याबरोबर मनापासून हसला आणि गुळाचा खडा तोंडात टाकून घरच्या वाटेला लागला.