जूनमधला सराव

सोमवारी सकाळी लुएला प्रुइटची पहिली कॉफी संपायच्या आत तो व्हिडिओ आला. पाठवणारा शेजारच्या परगण्यातल्या कॉलेजात तिच्यासारखंच काम करणारा माणूस. सोबत एकच ओळ होती, 'तुम्ही पाहिला असेलच.' तिने तो पाहिलेला नाही, हे त्यालाही ठाऊक असणार.

व्हिडिओ जेमतेम चाळीस सेकंदांचा होता. एका खेळाडूच्या मामाने कुंपणाबाहेरून काढलेला आणि मोठ्या कौतुकाने फेसबुकवर टाकलेला. वर लिहिलं होतं, 'आमचे कोच जूनमध्येसुद्धा घरी बसत नाहीत.' टॅलबर्ट कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा मुख्य प्रशिक्षक हॉलिस टार्व्हर मैदानावर एक गुडघा टेकून बसला होता. हातात स्टॉपवॉच. समोरच्या मुलाचा घोटा धरून, पहिलं पाऊल कुठे पडायला हवं, ते दाखवत होता. मागे बाकीचे रांगेत उभे होते.

लुएलाने तो दोनदा पाहिला आणि चष्मा काढून ठेवला. व्यायामशाळेच्या जिन्याखालच्या त्या खोलीत ती एकोणीस वर्षं बसत होती. कॉलेजचे सगळे संघ नियमाप्रमाणे चालतात की नाही, हे बघणं हे तिचं काम. मुलांचे मार्क, सरावाचे तास, कुणी कुणाला जेवायला नेलं, सगळ्याची तिच्याकडे नोंद. तिच्या दारावरून जाताना लोक आवाज खाली करत. पूर्वी तिला त्याचं वाईट वाटायचं. आता वाटत नसे.

नियम अगदी साधा होता. जून-जुलैत मुलांनी हवा तर आपल्या मर्जीने व्यायाम करावा. प्रशिक्षकाने शिकवायचं नाही, वेळ लावायची नाही, बघत उभंसुद्धा राहायचं नाही. कधीकाळी प्रशिक्षक पोरांना उन्हाळाभर पिळून काढत, म्हणून तो केलेला. हॉलिसला तो तोंडपाठ होता. लुएलानेच दरवर्षी त्याची परीक्षा घेतली होती.

आणि हॉलिस जूनमध्ये मैदानावर का जायला लागला, हेही तिला ठाऊक होतं.

तीन वर्षांपूर्वी असाच जून होता. अलाबामातलं दुपारचं ऊन, अंगावरचा शर्ट पिळून काढावा असं. तेव्हाच्या प्रशिक्षकाने जाता जाता सांगून ठेवलं होतं, ऑगस्टमध्ये कोण तयार होऊन येतं ते बघतो. तेवढ्यावर मुलं आपणहून पळत होती. टेव्हिस डॉझियर नावाचा एकोणीस वर्षांचा आडदांड मुलगा सतराव्या फेरीला पडला. मैदानावर मोठं माणूस एकही नव्हतं. पोरांना वाटलं दमला असेल. त्यांनी त्याला सावलीत बसवलं. तिसऱ्या दिवशी तो दवाखान्यातच वारला. चौकशी झाली, आणि तिचा अहवाल लुएलानेच लिहिला. नियमभंग काहीही नाही. सराव ऐच्छिक होता, प्रशिक्षक हजर नव्हता. सगळं नियमाला धरून होतं. तो प्रशिक्षक दीड वर्षाने मोठ्या कॉलेजात गेला आणि त्याच्या हाताखालचा हॉलिस मुख्य प्रशिक्षक झाला.

टेव्हिस गेल्यानंतरच्या उन्हाळ्यापासून हॉलिसची पिकअप मैदानाच्या कुंपणाशी दिसायला लागली. मागे बर्फाच्या पेट्या. तो गाडीतच बसून असे. नियमाने तेही चालत नव्हतं. लुएला दोनदा त्या रस्त्याने गेली आणि दोन्ही वेळा तिने मान सरळ ठेवली. कानाडोळा केला म्हणा ना.

पण आता गाडीतून उतरलेला माणूस सगळ्या गावाने पाहिला होता.

तिने मुलांना एकेकाला बोलावलं. व्हिडिओत चेहरे ओळखू येत होते असे नऊ जण. पहिला कॉर्डेल गेन्स, संघाचा कप्तान, दर रविवारी चर्चमध्ये तिच्या मागच्या बाकावर बसणारा. टोपी काढून बसला आणि म्हणाला, "कोच फक्त बर्फ द्यायला आले होते, मॅडम. त्या दिवशी ऊन फार होतं." तिने विचारलं, मग हातात स्टॉपवॉच कशाला? तर म्हणाला, कोच ते नेहमीच खिशात ठेवतात. दुसरा आला. "कोच फक्त बर्फ द्यायला आले होते, मॅडम. त्या दिवशी ऊन फार होतं." तिसराही तेच. चौथ्यापर्यंत तिने लिहायचं थांबवलं. शब्द तेच, थांबायची जागा तीच. मैदानावरची चाल घोटून घ्यावी तसं ते वाक्य नऊ जणांकडून कुणीतरी घोटून घेतलं होतं. पोरं वाईट नव्हती. खोटं बोलताना एकानेही तिच्या डोळ्याला डोळा दिला नाही.

हॉलिस दुसऱ्या दिवशी आला. वीस वर्षांची ओळख. तिचा नवरा गेला तेव्हा खांदा द्यायला होता. बसल्या बसल्या त्याने मुलांचंच वाक्य म्हटलं, आणि तिने पुढे केलेल्या कागदावर सहीसुद्धा केली, की सराव एकदाच पाहिला, शिकवलं काही नाही.

"हॉलिस, विचार करून सही कर," ती म्हणाली.

"केला विचार," तो म्हणाला, आणि पेन टोपण लावून तिच्यापुढे ठेवलं.

त्याच आठवड्यात व्हर्नेल डॉझियर आली. टेव्हिसची आई. कोंबड्यांच्या कारखान्यातली पाळी संपवून तशीच आलेली, केसांची जाळीही काढली नव्हती. गावात बातमी फुटली होती. व्हर्नेल बसली नाही. तिचं म्हणणं थोडक्यात असं, की ह्या माणसाला घालवू नका. बाकी सगळ्यांनी फुलं पाठवली. हा एकटा उन्हात जाऊन बसला. मग तिने विचारलं, "बाई, माझा टेव्हिस पडला त्या दिवशी त्या लोकांनी कुठला नियम मोडला होता?"

"कुठलाच नाही," लुएला म्हणाली.

"आणि ह्याने मोडला."

"हो."

व्हर्नेलने मान हलवली. "मला फक्त तुमच्या तोंडून ऐकायचं होतं," असं म्हणून ती गेली. त्यानंतर लुएलाने तीन वर्षांपूर्वीची फाईल उघडली. जुना अहवाल काढून वाचला. एकही शब्द खोटा नव्हता. फाईल बंद करून तिने जेवणासाठी आणलेलं सँडविच तसंच कचऱ्याच्या टोपलीत टाकलं.

बैठक शुक्रवारी झाली. कॉलेजचे अध्यक्ष डॉ. व्हिटलॉक, क्रीडा विभागाचा प्रमुख डेल क्रेनशॉ आणि लुएला. आपल्याला फक्त काय झालं ते विचारतील, काय करावं ते नाही, असं ती धरून चालली होती; एकोणीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. तिने सगळं सांगितलं. तोवर तिने मैदानाच्या फाटकावरच्या कॅमेऱ्याच्या नोंदी मागवल्या होत्या. पहिल्या उन्हाळ्यात गाडी येई आणि जाई, हॉलिस खाली उतरे तो फक्त पाणी द्यायला. दुसऱ्या उन्हाळ्यात तो अधूनमधून आत जायला लागला. ह्या जूनमध्ये चोवीसपैकी एकवीस दिवस तो आत होता. मधल्या काळात संघ तेवीस वर्षांनी पहिल्यांदा विभागीय साखळीत अव्वल आला होता.

क्रेनशॉ सुस्कारा टाकून म्हणाला, की एवढ्यावरून जगभर कुणी कुणाला काढत नाही. चार सामने बाहेर बसवा, विषय मिटवा. डॉ. व्हिटलॉक यांनी पहिल्यांदाच तिच्याकडे मान वळवली. "मिसेस प्रुइट, तुम्हाला काय वाटतं? ठेवावं की काढावं?"

तिला व्हर्नेल आठवली. "सरावाबद्दल अर्धा मोसम बाहेर ठेवा," ती म्हणाली. "उन्हात एकट्या पळणाऱ्या पोरांपाशी कुणी उभं राहिलं तर मला ते पाप वाटत नाही. मी स्वतः दोन वर्षं बघून न बघितल्यासारखं केलंय, तेही लिहून घ्या. पण त्याने नऊ पोरांना खोटं बोलायला लावलं. त्याचं काय करायचं, ते मला सांगता येत नाही."

"मला येतं," डॉ. व्हिटलॉक म्हणाले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. दुपारी तीन वाजता हॉलिसला बडतर्फीचं पत्र गेलं. लुएलालाही ताकीद मिळाली, लेखी, तिच्याच फाईलमध्ये लावायला.

त्याला आवारात पाऊल टाकायला बंदी होती, म्हणून त्याच्या खोलीतलं सामान शनिवारी तीच घेऊन गेली. दोन खोकी, एक छत्री, मुलांनी सह्या केलेलं हेल्मेट. त्याची बायको ओडेसा जाळीच्या दारामागे आली, खोक्यांकडे पाहिलं आणि आत गेली. बाहेर आली नाही. हॉलिस ओसरीवर उकडलेल्या शेंगा खात बसला होता. टरफलांचा ढीग पायाशी.

"बस," तो म्हणाला. "ओडेसाचं मनावर घेऊ नकोस. तिला कुणावर तरी राग काढायचाय."

लुएला बसली. बराच वेळ दोघं शेंगा सोलत राहिली. शेवटी तिने त्याला सांगितलं, की व्हर्नेल आली होती.

"माझ्याकडेही आली होती. पाया पडायचीच बाकी होती. मला तिच्याकडे बघवेना." त्याने हातातलं टरफल खाली टाकलं. "पहिल्या वर्षी मी पाण्यासाठीच गेलो, लुएला. देवाशपथ. गाडीत बसून नुसता बघायचो. पण तीस वर्षं हेच केलेला माणूस मी. पोरगा चुकीचं पाऊल टाकताना दिसला की हात शिवशिवायचा. मग एक दिवस उतरलो. म्हटलं, एवढंच सांगतो. ऑगस्टमध्ये त्या पोराचं पाऊल बरोबर पडलं. पुढे काय, बर्फ नेतच होतो. कुणी विचारलंच तर बर्फ होताच."

"मग मला सरळ सांगायचंस. अर्धा मोसम गेला असता."

"तुला सांगायचं तर मला स्वतःला आधी सांगावं लागलं असतं." त्याने आणखी एक शेंग सोलली. "व्हिडिओचं कळलं त्या दिवशी सगळ्यांना गोळा केलं आणि ते वाक्य म्हणून घेतलं. कॉर्डेलला जमेना. तो म्हणाला, मिस लुएला माझ्या पुढच्या बाकावर बसतात. मी त्याला सहा वेळा म्हणायला लावलं. सहाव्यांदा बरोबर म्हणाला, आणि मी त्याला शाब्बास म्हटलं." शेंगांचं भांडं त्याने तिच्याकडे सरकवलं. "उन्हासाठी मला काढलं असतं तर मी भांडलो असतो. त्या शाब्बासकीसाठी काढलं, तर ठीक आहे."

तू चांगला माणूस आहेस, हे खरं होतं, पण त्या वेळी म्हणण्यासारखं नव्हतं. ती उठली, छत्री गाडीतच राहिली होती ती आणून दिली आणि निघाली.

पुढचं सगळं संथपणे झालं. संघाचं अव्वलपद काढून घेतलं गेलं. हॉलिसला दोन वर्षं कुठेही शिकवायला बंदी झाली. त्याने परगण्याच्या शाळेत मुलांना गाडी चालवायला शिकवायचं काम धरलं. कॉर्डेल बाक बदलून चर्चच्या दुसऱ्या टोकाला बसू लागला. ऑगस्टमध्ये नवा प्रशिक्षक आला. नियमांच्या लेखी परीक्षेत शंभरपैकी शंभर, कागद सगळे वेळेवर. पुढच्या उन्हाळ्यात तो गावातच नसणार होता, आणि सुट्टीवर जाताना त्याने मुलांना सांगितलं, की ऑगस्टमध्ये कोण तयार होऊन येतं ते बघतो.

उन्हाळ्यातल्या प्रत्येक सरावाला एक जाणतं माणूस हजर असावं, अशी दुरुस्ती लुएलाने हे नियम करणाऱ्या कॉलेज-क्रीडा संघटनेकडे पाठवली. मे महिन्यात उत्तर आलं, की सूचना मिळाली, समितीपुढे ठेवू. समिती ऑक्टोबरात बसणार होती.

मग एक जूनला तिने मैदानाच्या फाटकावर पाटी लावली. सकाळी सहा ते साडेनऊ, ऊन चढलं की बंद. मैदानाच्या किल्ल्या कुणाच्या ताब्यात, हे कधीच कुणी ठरवलं नव्हतं. तिने शिपायाकडून मागून घेतल्या. आठवड्याभरात नव्या प्रशिक्षकाने लांबूनच तक्रार केली आणि क्रेनशॉ जिना उतरून तिच्या खोलीत आला. हे तुझं काम नाही, असं त्याचं म्हणणं. लुएलाने नियमांचं जाड पुस्तक त्याच्यापुढे सरकवलं आणि म्हणाली, की माझं नाही असं ह्यात कुठे लिहिलंय ते दाखव, मी लगेच किल्ल्या देते. तो ते उघडणार नाही हे तिला माहीत होतं. तो दारात जरा उभा राहिला.

"ऑगस्टमध्ये पोरं लटपटली तर लोक तुझ्या नावाने बोटं मोडतील, लुएला."

"मोडू देत," ती म्हणाली. "तशी सवय आहे."

रोज साडेनऊला ती मैदानापर्यंत चालत जाई. एकोणसाठ वर्षांची बाई, गुडघ्यांना सूज, डोक्यावर नवऱ्याची जुनी टोपी. मुलं कुरकुरत बाहेर पडत. एके दिवशी एकजण पाणी पिता पिता मित्राला म्हणाला, ह्या म्हातारीनेच आपल्या कोचला घालवलं, आणि तिला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाला. लुएलाने ऐकलं. सगळे बाहेर पडले का ते मोजलं, एकजण अजून पाण्याच्या नळाशी होता, त्याच्यासाठी थांबली, आणि मग कुलूप लावलं.